नव्या खात्यातील परका

मुंबईच्या गिरणगावात एका गिरणीतून दुसऱ्या गिरणीत जाणारा विणकर आपले कसब बरोबर नेई. ओळख मात्र मागे राही. साळखाते सगळीकडे सारखेच, धोट्याचा खडखडाट तोच, दोन साचे सांभाळण्याची रीतही तीच. मग परकेपणा तो कशाचा? काम मिळणे हे हातातील कसबापेक्षा जॉबराच्या मर्जीवर अधिक अवलंबून असे, आणि जॉबर प्रथम साचा देई तो आपल्या गावच्या व नात्यागोत्यातील माणसांस. इतरांनी पहाटे फाटकापाशी तिष्ठत उभे राहावयाचे, कोणी गैरहजर असल्यास त्या दिवसापुरती बदली पत्करावयाची, आणि पुष्कळदा त्यासाठी दस्तुरीही मोजावयाची. जॉबराचे हे वर्चस्व आटोक्यात यावे म्हणून गिरणीमालकांच्या संघाने १९३५ साली बदली कार्डांची पद्धत सुरू केली. परंतु कार्डाने हजेरी लागते, आपलेपणा लागत नाही. तो खानावळीच्या पंक्तीत व गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत हळूहळू जमे. शेजारचा विणकर न सांगता आपला तुटलेला ताणा जोडून देऊ लागला, म्हणजे नवख्याने निर्धास्त व्हावे!

अस्पृश्य गणलेल्या कामगारांस मात्र एवढी वाट पाहण्याचीही सोय नव्हती. सूतकताईच्या खात्यांत त्यांना काम मिळे. अधिक मजुरीच्या साळखात्याचे दार बंद असे. कारण वरकरणी क्षुल्लक होते. धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी बसवून सुताचे टोक छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच धोट्यास अनेकांचे ओठ लागत, म्हणून स्पृश्य विणकर विटाळ मानीत. (त्याच श्वासाबरोबर छातीत जाणारी कापसाची धूळ मात्र कोणास विटाळाची वाटली नाही.) ही बंदी गिरणीच्या कोणत्या नियमात लिहिलेली नव्हती, ती सोबत्यांनीच घातली होती, आणि म्हणूनच ती उठविणे अधिक अवघड होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे पुढे मांडला. वास्तविक सूत ओवण्यास तोंडच हवे असे नाही. लहानशी आकडीही ते काम करते. तरीही कताईच्या खात्यात उमेदीची वर्षे घालविलेला कुशल कामगार भिंतीपलीकडच्या साळखात्यात उमेदवार म्हणूनसुद्धा उभा राहू शकत नसे.