कर्ज मिळवून देणारा मनुष्य

तालुक्याच्या गावी घर घेऊ पाहणाऱ्यास पहिली चिंता वाटते ती पैशाची. वास्तविक अडचण असते कागदांची, आणि मध्यस्थाची पारख व्हावयाची तीही तेथेच.

माझ्या परिचयाचे एक शिक्षक काही वर्षांपूर्वी अशा पेचात सापडले. गावाबाहेरचा एक भूखंड त्यांनी ठरवला, दोन लाख रुपये विसार दिला आणि तीन महिन्यांत खरेदीखत करण्याचे लिहून दिले. ‘कर्जाचे माझ्याकडे लागले’ म्हणणारे एक गृहस्थ बाजारपेठेतच भेटले. पगारपत्रके, आयकराची विवरणे, सारे त्यांनी मोठ्या आपुलकीने गोळा केले. सातबारा मात्र पाहिला नाही. जमीन शेतीचीच होती. बिनशेतीचा आदेश नव्हता, मंजूर रेखांकन नव्हते. बँकेच्या वकिलाने नकार कळवला तेव्हा मुदतीचे अकरा दिवस उरले होते.

हा मध्यस्थ कोणाचा मनुष्य, हे आपण सहसा विचारीत नाही. बँका आणि गृहवित्त कंपन्या त्याला नेमतात, आणि वाटप झालेल्या कर्जावर त्याला दलाली देतात. कर्ज मोठे होण्यात त्याचा लाभ असतो, ते आपल्याला पेलण्यात असतोच असे नाही. यात अप्रामाणिकपणा आहे असे नव्हे. व्यवहारच तसा आहे. म्हणून आपण किती संस्थांचे काम करता, आणि माझ्याकडून काही घेणार काय, हे दोन प्रश्न संकोच न करता विचारावेत. एकाच वेळी चार ठिकाणी अर्ज टाकणाऱ्यापासून तर दूरच राहावे. प्रत्येक चौकशीची नोंद आपल्या पतनोंदीत राहते.

व्याजाचा फरक लहान दिसतो, पण लहान नसतो. वीस लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १७,३५६ रुपये पडतो. नऊ टक्क्यांनी १७,९९५. मुदतभरात हा फरक दीड लाखावर जातो. यासाठी मध्यस्थाच्या तोंडी हिशेबावर न विसंबता, रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून आवश्यक केलेले मुख्य तथ्यांचे विवरणपत्र मागून घ्यावे. त्यात शुल्कासह वार्षिक खर्चाचा खरा दर लिहिलेला असतो. बदलत्या दराचे गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास बँकेला दंड आकारता येत नाही. हा नियम २०१२ चा आहे, तरी तो आपणहून सांगणारा मध्यस्थ मला क्वचितच भेटला.

ते शिक्षक विक्रेत्याच्या ओसरीवर जाऊन बसले. बऱ्याच रदबदलीनंतर निम्मा विसार परत मिळाला. पुढे त्यांनी गावठाणातले एक जुने घर घेतले. या वेळचा मध्यस्थ निराळा होता. पहिल्या भेटीत त्याने पगार विचारला नाही, मिळकतपत्रिका मागितली.