चेहऱ्यामागचे नाव

शहरवासीयांची नजर सवयीची गुलाम असते. पदपथावर निजलेल्या माणसाला चुकवून पुढे जाण्याचे कसब पायांना लवकर साधते आणि हळूहळू तो माणूस डोळ्यांनाही दिसेनासा होतो. मुंबईत १९८५ मध्ये ‘स्पार्क’ या संस्थेने पदपथवासीयांची गणना केली, तेव्हा तिच्या अहवालाला ‘वुई, द इन्व्हिजिबल’ म्हणजे ‘आम्ही, अदृश्य’ असेच नाव दिले गेले. ही अदृश्यता भेदण्याचे सामर्थ्य छायाचित्रात आहे. घोळक्यात ‘समस्या’ दिसते. चौकटीतला एकटा चेहरा मात्र आपल्याकडे पाहतो. तथापि चेहरा दाखविल्याने त्या माणसाची प्रतिष्ठा त्याला परत मिळतेच, असे नाही.

मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग यांनी फाटक्या तंबूत मुलांसह बसलेल्या एका निराधार स्त्रीचे छायाचित्र घेतले. ‘मायग्रंट मदर’ म्हणून ते जगभर गाजले. तळावरील छायाचित्रे वृत्तपत्रात येताच सरकारने तेथे धान्य धाडले; पण ते पोहोचण्यापूर्वीच ती स्त्री पुढच्या मुक्कामाला निघून गेली होती. तिचे नाव आपण विचारले नाही, हे लँग यांनीच पुढे नमूद केले. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव जगाला कळले ते १९७८ मध्ये. त्या छायाचित्रातून आपल्याला छदामही मिळाला नाही, ही खंत तिने तेव्हा बोलून दाखविली. ते सरकारी मालकीचे असल्याने लँग यांनाही स्वामित्वधन मिळाले नव्हते, हे खरे; परंतु कीर्ती लँग यांची झाली आणि दारिद्र्याचा शिक्का तेवढा त्या माउलीच्या कपाळी उरला.

२००८ मध्ये लंडनच्या रस्त्यावर झोपलेल्या एका तरुणीचे छायाचित्र ली जेफ्रीज हे दुरून टिपत होते. तिच्या ते लक्षात आले आणि ती संतापून ओरडली. जेफ्रीज यांना पाठ फिरविता आली असती; पण ते तिच्यापाशी जाऊन बसले, तिच्याशी बोलले. बेघरांची त्यांनी पुढे काढलेली व्यक्तिचित्रे अशाच ओळखीतून आकारास आली.

२०११ च्या जनगणनेने भारतात १७ लाखांहून अधिक बेघर मोजले. गणनेने आकडा मिळतो, कॅमेऱ्याने चेहरा. नाव मात्र जवळ जाऊन विचारावे लागते. अनुमती मागावी, नकार मिळाल्यास तो मानावा आणि छायाचित्राची एक प्रत त्या माणसाच्याच हाती द्यावी. एवढे सौजन्य ज्याच्यापाशी नाही, त्याने कॅमेरा न उचललेलाच बरा.