फरशीवरचा वाळलेला फोम कसा काढायचा

गटाच्या बैठकीत एका ताईंनी आम्हाला विचारलं, "फरशीला चिकटलेला तो पिवळा फेस कशाने निघतो हो?" त्यांची लेक ठाण्याला खोपटमध्ये भाड्याच्या खोलीत राहते. ओट्याखाली नळाच्या पाइपाभोवती भोक होतं, तिथून उंदीर यायचे. जावईबापूंनी हार्डवेअरच्या दुकानातून फोमचा डबा आणून भोकात मारला. फोम फुगला, बाहेर आला आणि भिंतीच्या टाइलवरून फरशीवर उतरला. लेकीने घाईने पाणी ओतून फडक्याने पुसला, तर तो आणखी पसरला. दुसऱ्या दिवशी दगडासारखा कडक! महिनाअखेर खोली सोडायची होती आणि फरशी खराब झाली तर डिपॉझिटमधून पैसे कापणार, असं घरमालकीण म्हणाल्या होत्या. मग आम्ही दोघी त्या ताईंबरोबर एसटीने खोपटला गेलो. तिथे जे केलं, ते आज तुम्हाला सांगतो.

आधी हा फोम काय असतो ते समजून घेऊ. त्याला पॉलियुरेथेन म्हणतात. डब्यात तो पातळ असतो. बाहेर आला की फुगतो आणि हवेतला ओलावा घेऊन कडक होतो. म्हणजे पाणी त्याचा शत्रू नाही, मित्र आहे. पाणी टाकलं की तो उलट लवकर वाळतो. लेकीची चूक नव्हती. सांडलं की पाणी ओतायचं, हेच आपण लहानपणापासून शिकलो आहोत.

दुसरी गोष्ट, एकदा पूर्ण वाळलेला फोम घरातल्या कशातच विरघळत नाही. रॉकेल, थिनर, सोडा, लिंबू, सगळं वाया जातं. तो कापून आणि खरवडूनच काढावा लागतो.

आता काय करायचं नाही, ते आधी ऐका.

संडास धुण्याचं अ‍ॅसिड ओतू नका. फोमला त्याने काही होत नाही, पण टाइलच्या सांध्यातलं सिमेंट खाल्लं जातं. शहाबादी, कोटा, कडप्पा किंवा संगमरवर असेल तर दगडाची चकाकी कायमची जाते. आणि अ‍ॅसिडमध्ये ब्लीचिंग पावडर मिसळली तर क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

फोम जाळून काढू नका. जळताना त्यातून विषारी धूर निघतो.

तारेच्या घासणीने टाइल घासू नका. फोम निघेल, पण ओरखडे राहतील आणि पुढे त्यातच मळ बसेल.

आता काढायची रीत. ही चकचकीत, गुळगुळीत टाइलसाठी आहे.

पहिलं, फुगलेला जाड भाग धारदार सुरीने टाइलला समांतर कापून टाका. सुरी आपल्याकडे नाही, अंगापासून दूर चालवा. वाळलेला फोम पावासारखा कापला जातो.

दुसरं, उरलेल्या थरावर साबणाचं पाणी लावा. त्याने फोम विरघळत नाही, पण पातं घसरतं आणि टाइलला ओरखडा पडत नाही. आधी प्लॅस्टिकची पट्टी वापरून पाहा. नाही निघालं तर पुट्टी लावायची लोखंडी पट्टी आडवी धरून सावकाश ढकला. टोक टाइलमध्ये रुतवू नका.

तिसरं, शेवटी पातळ डाग राहतो. त्यावर अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस थोडा वेळ ठेवा. थर जरा सैल होतो, मग हिरव्या घासणीने हलक्या हाताने घासा. आधी कोपऱ्यातल्या एका टाइलवर करून बघा. अ‍ॅसिटोन लगेच पेट घेतं, म्हणून शेगडी बंद, देवापुढचा दिवा शांत आणि खिडकी उघडी हवी.

चौथं, सांध्यात शिरलेला फोम जुन्या टूथब्रशने आणि लाकडी काडीने काढा. तिथला सगळा निघेलच असं नाही. फार राहिला तर वरचा थर खरवडून पांढरं सिमेंट पुन्हा भरायचं.

खरबरीत दगडाची फरशी असेल तर फोम बारीक छिद्रांत शिरतो. तिथे वरचा भाग काढायचा आणि थोडा डाग राहणार हे धरून चालायचं.

फोम ओला असतानाच लक्षात आलं तर काम सोपं असतं. पाणी लावू नका. कोरड्या कागदाने उचलून घ्या आणि उरलेला अ‍ॅसिटोनने पुसा. हातावर वाळला तर ओरबाडू नका. तेल लावून वज्रीने हळूहळू घासा, उरलेला काही दिवसांत त्वचेबरोबर आपोआप निघतो. डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

फोम मारताना हातमोजे घाला, चष्मा लावा, खाली वर्तमानपत्र पसरा आणि भोक अर्धंच भरा, कारण तो दुपटीहून जास्त फुगतो. डब्यातला वायू पेट घेणारा असतो, म्हणून शेगडी बंद ठेवा. दम्याच्या माणसाला त्या खोलीत थांबू देऊ नका.

आणि खरं सांगायचं तर उंदरासाठी फोम हा उपायच नाही. उंदीर तो कुरतडून पुन्हा येतात. भोकात बारीक तारेची जाळी कोंबून वर सिमेंट लावलं तर ते टिकतं आणि स्वस्तही पडतं.

खोपटच्या खोलीत आम्हा चौघींना दुपारचे तीन तास लागले. एका टाइलवर ओरखडा राहिला. तो आम्ही येण्याआधी तारेच्या घासणीने पडला होता. लेकीने तो लपवला नाही, घरमालकिणीला स्वतः दाखवला. त्यांनी फरशीवरून हात फिरवून पाहिला आणि त्या एका टाइलपुरतेच पैसे कापायचं ठरलं.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात नवी वस्तू आली की डब्यावर काय लिहिलंय ते आधी वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. त्यात कसली लाज? भेटू पुढच्या भागात. नमस्कार.