शाळेच्या छतावर किती लिटर पाऊस पडतो?

नववीच्या वर्गात शाश्वत विकासाच्या १७ ध्येयांचा तक्ता लावला, तर पहिल्याच बाकावरून प्रश्न: "सर, हे युनोचं. आमचा काय संबंध?"

तक्ता राहू दिला. टेप देऊन छत मोजायला पाठवलं.

१ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. २०० चौरस मीटर छत आणि ५०० मिलिमीटर पाऊस धरला, तर १ लाख लिटर! (थोडं वाया जातं, ते सोडा.) मग टँकर कशाला, हे मुलंच विचारू लागली.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हाच हिशेब गावासाठी करतं. पाऊस मोजायचा, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, माणसं-जनावरांचं पाणी आधी बाजूला काढायचं, उरेल त्यावर पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊसही नाही.

या बंदीवर वर्गात कडाक्याचा वाद झाला. मला तर तोच खरा तास वाटला.

सहावं ध्येय पाण्याचं. पाणी-व्यवस्थापनात स्थानिक लोकांचा सहभाग वाढवा, असं त्यात स्वतंत्र कलमच आहे.

तुमच्या छताचा हिशेब अडला तर खाली विचारा. मापं तेवढी नीट लिहा!