रिकाम्या यादीचं उत्तर

कर्जाचा एक अर्ज होता. त्यात अर्जदाराचं नाव होतं, पगार होता, घराचा पत्ता होता. जामीनदारांच्या रकान्यात मात्र काहीच नव्हतं. तरी संगणकाने त्यावर 'मंजूर' असा शेरा मारला. नशीब एवढंच, की हे यूएटीत घडलं, म्हणजे खऱ्या गिऱ्हाइकांपर्यंत जाण्याआधीच्या चाचणीत. कर्ज विभागातल्या एक ज्येष्ठ बाई शेजारी बसून एकेक अर्ज तपासत होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "जामीनदारच नाही, मग सगळ्या जामीनदारांची पडताळणी झाली कशी?"

नियम मी लिहिला होता. एका ओळीचा. सगळ्या जामीनदारांची पडताळणी झाली असेल तर पुढे जा, एवढंच त्यात होतं. ती ओळ मी पुन्हा वाचली, मोठ्याने वाचली, चूक काही दिसेना. भाषेच्या हिशेबाने ती चूक नव्हतीच. संगणकाने विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं होतं.

त्या भाषेचं नाव फील. पूर्ण नाव 'फ्रेंडली इनफ एक्स्प्रेशन लँग्वेज'. या 'इनफ'वर माझा जीव आहे. मैत्रीपूर्ण नव्हे, तर कामापुरती मैत्रीपूर्ण. आपण शेजाऱ्याबद्दल म्हणतो ना, 'बोलायला बरा आहे', तसं. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप ही संगणकक्षेत्रात मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था. १९८९ साली स्थापन झालेली. यूएमएल आणि बीपीएमएन या तिच्याच आकृत्या, आणि अभियांत्रिकीच्या मुलांनी त्या परीक्षेत काढलेल्या असतात. या संस्थेने २०१५मध्ये 'डिसिजन मॉडेल अँड नोटेशन', म्हणजे डीएमएन, या मानकाची पहिली आवृत्ती काढली. कर्ज द्यायचं की नाही, विम्याचा हप्ता किती, कोणत्या अर्जाला कोणती कागदपत्रं लागतात, असले निर्णय प्रोग्रामच्या पोटात गाडून न ठेवता तक्त्यात मांडावेत आणि ते बँकेतल्या माणसाला वाचता यावेत, ही त्यामागची कल्पना. त्या तक्त्यांच्या चौकटींत जे लिहायचं, ती भाषा फील. पुढे ती तक्त्यांबाहेरही आली. कामुंडा या कंपनीने आपल्या प्रणालीच्या आठव्या आवृत्तीत सगळ्या प्रक्रियेसाठी तीच भाषा धरली, आणि ड्रूल्स या नियम चालवणाऱ्या प्रणालीतही ती चालते.

एक्स्प्रेशन लँग्वेज म्हणजे नुसती विचारणा करण्याची भाषा. ती फाइल उघडत नाही, ईमेल पाठवत नाही, कुठल्याही चलाची किंमत बदलत नाही. प्रश्न टाकायचा, उत्तर घ्यायचं, विषय संपला. अशा भाषेचा कस लागतो तो याद्यांवर. एका संख्येचं काय, कुणीही गणित करेल. पण कार्यालयातलं जग याद्यांचं असतं. हप्त्यांची यादी, जामीनदारांची यादी, अपुऱ्या कागदपत्रांची यादी. म्हणून फीलमध्ये याद्यांसाठीची तयार फंक्शनं वीसच्या वर आहेत, आणि ही भाषा कुणासाठी बनवली, बनवणाऱ्यांनी त्या माणसाबद्दल काय गृहीत धरलं, हे त्यांच्यात जितकं दिसतं तितकं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

नावांपासूनच बघा. लिस्ट कंटेन्स, डिस्टिंक्ट व्हॅल्यूज, इन्सर्ट बिफोर, इंडेक्स ऑफ. मधली जागा मी वाचायच्या सोयीसाठी सोडलेली नाही, ती नावातच आहे. बहुतेक संगणकभाषांत नावात जागा चालत नाही. शब्द चिकटवायचे किंवा मध्ये खालची रेघ द्यायची. फीलने ठरवलं, की माणूस 'मासिक उत्पन्न' असं दोन शब्दांत लिहितो तर आपणही तसंच घ्यायचं. याची किंमत भाषा वाचणारा प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी मोजली. नावात वजाबाकीचं चिन्हसुद्धा चालतं, त्यामुळे 'अ-ब' हे एका गोष्टीचं नाव आहे की अमधून ब वजा करायचा आहे, हे त्या क्षणी कोणकोणती नावं ठाऊक आहेत ते पाहूनच ठरवावं लागतं. कामुंडातल्या किंवा ड्रूल्समधल्या ज्यांनी हे निभावलं, त्यांना माझा नमस्कार.

यात आपल्याला एक गंमत सापडते. नावात कोणती अक्षरं चालतात त्याची यादी व्याकरणात दिलेली आहे, आणि तिच्यात देवनागरीचा अख्खा पट्टा बसतो. काना, मात्रा, वेलांटीसकट. इतकंच नाही, 'र्‍य' जोडताना काही जण जे अदृश्य जोडचिन्ह टंकतात, तेही चालतं. म्हणजे तयार फंक्शनांची नावं इंग्रजीच राहिली तरी चलाचं नाव 'जामीनदार' ठेवायला व्याकरणाची हरकत नाही. आकड्यांचं मात्र उलटं. संख्या फक्त इंग्रजी अंकांतच लिहायच्या. देवनागरी '२' ही फीलच्या लेखी संख्या नव्हेच. व्याकरण काटेकोर लावलं तर ते एक नाव ठरतं, आणि त्या नावाची किंमत पाचही असू शकते. तेव्हा पुढची उदाहरणं इथून उचलून थेट यंत्रात टाकू नका.

बचत गटातल्या चौघींनी या महिन्यात भरलेली रक्कम घेऊ. हप्ते = [२००, ५००, २००, ३००].

'काउंट(हप्ते)' म्हटलं की ४, 'सम' म्हटलं की १२००, 'मीन' म्हणजे सरासरी ३००. 'मीडियन' २५०, कारण चढत्या क्रमाने लावल्यावर मधले दोन २०० आणि ३००. 'मोड', म्हणजे सर्वांत जास्त वेळा आलेली रक्कम, याचं उत्तर नुसतं २०० येत नाही, [२००] येतं, कंसासकट. कारण दोन रकमा सारख्याच वेळा आल्या असत्या तर? एक उत्तर देऊन दुसरं गिळण्यापेक्षा यादीच द्यावी, हे मला पटतं. 'इंडेक्स ऑफ(हप्ते, २००)' याचंही तसंच, उत्तर [१, ३]. इतर अनेक भाषा पहिली जागा सांगून मोकळ्या होतात. आणि जागा मोजल्यात त्या एकपासून. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डेइक्स्ट्रा यांनी १९८२ साली मोजणी शून्यापासूनच का करावी यावर एक छोटं हस्तलिखित टिपण लिहिलं होतं, आणि प्रोग्रामर मंडळी अजून त्याचा दाखला देतात. फीलच्या कर्त्यांनी ते वाचलं नसेल असं कसं म्हणावं, पण त्यांच्या डोळ्यांसमोर प्रोग्रामर नव्हता. मुंबईत पहिला मजला दुसऱ्या थरावर असतो हे आपण सोसतो. बँकेतल्या माणसाला यादीतलं पहिलं नाव शून्यावर आहे हे पटवून देणं त्याहून अवघड. शून्याव्या जागेवर काय आहे असं विचारलंच, तर फील ओरडत नाही, 'नल' असं म्हणते. नल म्हणजे ठाऊक नाही, किंवा मुळात नाहीच. उणे एक म्हटलं की शेवटचं: हप्ते[-१] म्हणजे ३००.

'डिस्टिंक्ट व्हॅल्यूज' दुबार काढून टाकतं: [२००, ५००, ३००], पहिल्यांदा ज्या क्रमाने आले त्या क्रमाने. दोन गटांच्या याद्या 'कन्कॅटिनेट'ने जोडल्या तर सगळं जसंच्या तसं एकापुढे एक लागतं, 'युनियन'ने जोडल्या तर दुबार गळतात. नावांच्या यादीला युनियन ठीक. पैशांच्या यादीला लावलं तर दोघींनी भरलेल्या दोन-दोनशेंपैकी एकीचे गेले. हा घोळ मी दुसऱ्याच्या नियमात पाहिलाय. 'रिमूव्ह'ही असंच फसवतं. 'रिमूव्ह(हप्ते, २)' लिहिलं की दोन ही किंमत नव्हे, दुसऱ्या जागेवरची किंमत जाते, म्हणजे पाचशे. आणि गेले म्हणजे तरी काय, मूळ यादी तशीच राहते. फीलमध्ये कुठलंच फंक्शन यादीला हात लावत नाही, प्रत्येक जण नवी यादी करून देतो. जुन्या कारकुनाला हे लगेच कळेल. चोपडीत खाडाखोड नाही, बदल हवा तर नवं पान घ्या.

मला सगळ्यांत आवडतं ते फंक्शन नाहीच, तो चौकोनी कंस आहे. हप्ते[आयटम > २५०] असं लिहिलं की [५००, ३००] हाती येतं. यादीच्या मागे कंस, कंसात अट; आयटम म्हणजे यादीतली एकेक रक्कम. कंसात संख्या असेल तर ती जागा, अट असेल तर ती चाळणी. ही युक्ती १९९९च्या एक्सपाथ या भाषेत होती आणि फीलने ज्यांच्याकडून घेतलं त्यांत एक्सपाथचं नाव आहे. याद्यांची आजी लिस्पही त्यात आहे, जॉन मॅकार्थी यांची १९५८ सालची. तिच्या नावातच लिस्ट आहे. तिसरं नाव डेटाबेसला प्रश्न विचारायच्या एसक्यूएल या भाषेचं, तिच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

चाळणीतून एकच दाणा पडला तरी तो यादीतच येतो. आता हा [५००] आणि नुसता ५०० एकच का? काटेकोर भाषा नाही म्हणेल. फील म्हणते, जिथे एक वस्तू हवी तिथे एकाच वस्तूची यादी आली तर कंस सोडून आतली वस्तू घेऊ, आणि यादी हवी तिथे सुटी वस्तू आली तर तिला कंस घालू. पंगतीत एकच पाहुणा आला म्हणून पान मांडायचं थांबत नाही, तसा हा व्यवहार. शुद्धतावाद्यांना हे खपत नाही. माझा अनुभव असा, की शंभरातल्या नव्वद वेळा यामुळे काम सोपं होतं आणि उरलेल्या दहा वेळा रात्री जागावं लागतं, कारण एकाऐवजी दोन दाणे पडले की तीच ओळ अचानक नल देते.

पण एकच वस्तू परवडली. खरी कसोटी एकही नसते तेव्हाची.

रिकाम्या यादीचा 'काउंट' शून्य, यात वाद नाही. 'मिन' आणि 'मॅक्स' नल, तेही बरोबर, ज्या गावात कुणीच नाही तिथला सर्वांत उंच माणूस कोण सांगणार? 'एनी', म्हणजे यातलं एक तरी खरं आहे का, याचं उत्तर नाही. आणि 'ऑल', म्हणजे सगळं खरं आहे का, याचं उत्तर हो. माझा अर्ज मंजूर केला तो याने. 'ऑल(जामीनदार.पडताळणी)' असं मी लिहिलं होतं. जामीनदारांची यादी रिकामी, म्हणून पडताळण्यांची यादी रिकामी, म्हणून उत्तर हो.

हा वेडेपणा वाटतो, पण त्याला कारण आहे. दोन याद्या घ्या. पहिलीत सगळं खरं आहे, दुसरीतही सगळं खरं आहे, तर दोन्ही जोडून केलेल्या यादीतही सगळं खरं असलं पाहिजे. आता दुसरी यादी रिकामी करा. जोडून पहिलीच यादी उरते, तेव्हा उत्तर पहिलीचंच यायला हवं. ते कधी येईल? रिकामीचं उत्तर 'हो' धरलं तरच. 'नाही' धरलं तर रिकामा कागद जोडल्याने चांगली फाइल नापास होईल. तर्कशास्त्र हे कधीपासून सांगत आलंय, आणि त्याच्याशी भांडून उपयोग नाही.

भांडायचंच तर 'सम'शी भांडावं. वरचंच कारण लावलं तर रिकाम्या यादीची बेरीज शून्य हवी, कारण शून्य मिळवल्याने काही बदलत नाही. फीलमध्ये ती नल आहे. एसक्यूएलमध्येही तशीच असते: एकही ओळ सापडली नाही तर मोजणी शून्य आणि बेरीज नल. खरं, खोटं आणि नल असं तीन किमतींचं तर्कशास्त्र फीलने घेतलं, त्यात एसक्यूएलचा हात आहे. पण एका फंक्शनला गणिताचं ऐकायला लावायचं आणि दुसऱ्याला डेटाबेसचं, हे मला धेडगुजरी वाटतं. थकबाकी नसलेल्या माणसाच्या थकबाकीची बेरीज 'ठाऊक नाही' आली की पुढचं 'थकबाकी शून्य आहे का' हे खोटं ठरतं, आणि ज्याने आयुष्यात एक हप्ता चुकवला नाही त्याचा अर्ज अडकतो. कामुंडाने आपल्या पदरचं 'इज एम्प्टी' हे फंक्शन दिलंय, मानकात नसलेलं. यादी रिकामी आहे का, एवढंच ते विचारतं. कुणीतरी आपल्यासारखंच भाजून घेतलं असणार.

बाईंच्या देखत मी ओळ बदलली. काउंट(जामीनदार) > ० अँड ऑल(जामीनदार.पडताळणी). अर्ज पुन्हा चालवला, 'नामंजूर' आलं. बाईंनी मान हलवली, पण उठल्या नाहीत. "आणि एकाची पडताळणी झालीय, दुसऱ्याची अजून आलीच नाही, तर?"

मी तसा अर्ज तयार केला. एक हो, एक नल. एक जरी 'नाही' असतं तर 'ऑल'ने 'नाही' म्हटलं असतं, पण इथे नाही म्हणायलाही आधार नव्हता. उत्तर आलं नल. तक्त्यात 'हो'ची ओळ होती, 'नाही'ची होती, नलसाठी ओळच नव्हती. शेऱ्याचा रकाना कोरा राहिला. मी ओशाळून म्हटलं, याच्यासाठी एक ओळ वाढवतो.

"वाढवा सावकाश," बाई म्हणाल्या आणि पुढचा अर्ज उघडला. "कोरं असलं की मी विचारते तरी."