शेरा लिहिण्यापूर्वी

बंगळुरूच्या होसूर रस्त्यावरील निमहान्स या मानसिक आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेपर्यंत एखादे मूल पोहोचते, तोवर त्याच्या प्रगतिपुस्तकात ‘हुशार आहे, पण आळशी’, ‘लक्ष देत नाही’ असे शेरे बहुधा दोन-तीन वर्षे साचलेले असतात. आणि ते लिहिणाऱ्या शिक्षकाच्या मनात आकस नसतो, त्याला त्या मुलात दुसरे काही पाहावयास कोणी शिकविलेलेच नसते, हे अध्ययन-अक्षमतेच्या प्रश्नातील मला सर्वांत दुःखद वाटते.

1995 च्या अपंगविषयक कायद्याने मान्य केलेल्या सात प्रकारांत अध्ययन-अक्षमतेला जागा नव्हती. 2016 च्या कायद्याने ती संख्या 21 वर नेली आणि बुद्धी शाबूत असूनही वाचन, लेखन वा गणितात अडखळणाऱ्या मुलाला कायद्याने प्रथमच ओळखले. पुढे जानेवारी 2018 मध्ये केंद्र सरकारने असा दंडक घातला की, शाळा सरकारी असो वा खाजगी, तीत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली एक समिती असावी आणि तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, जे अगोदर येईल तेव्हा, शिक्षकांनीच मुलांची प्राथमिक पाहणी करावी. निदान आणि दाखला हे काम अर्थातच तज्ज्ञांचे. त्यासाठी मुक्रर झालेली चाचणीमालिकाही निमहान्समध्येच, मालविका कपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकाच्या आरंभी सिद्ध केलेली. परंतु जे मूल वर्गशिक्षकाच्या नजरेतून निसटले, त्याच्यापुरती ही सारी तजवीज कागदावरच राहते.

ही नजर घडविताना इंग्रजीवर बेतलेली लक्षणे पाठ करून भागत नाही. ‘बी’च्या जागी ‘डी’ काढणारे मूल सर्वांना ठाऊक असते. कानडी वहीत मात्र पाहावे लागते ते कागुणितात, म्हणजे आपल्या बाराखडीत, आणि ओत्तक्षरात, म्हणजे अक्षराच्या पायाशी लिहिल्या जाणाऱ्या जोडव्यंजनात. ‘अक्क’ हा थोरल्या बहिणीसाठीचा शब्द घरी दिवसातून दहा वेळा उच्चारणारी मुलगी तोच शब्द फळ्यावर पाहून ‘अक’ वाचते, कारण खालचा ‘क’ तिच्या डोळ्यांना दिसूनही वाचनात येत नाही. तरीही एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. बंगळुरूच्याच सोनाली नाग यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले आहे की, कानडी अक्षरांचा विस्तृत संच पुरता हस्तगत होण्यास सर्वसाधारण मुलांनाही प्राथमिक शाळेची कित्येक वर्षे लागतात. स्वाभाविक विलंब कोणता आणि अक्षमता कोणती, हा विवेकच प्रशिक्षणाचा गाभा होय.

त्यातून हे शहर बहुभाषी. घरी मराठी, तेलुगू वा उर्दू, शाळेत इंग्रजी आणि जोडीला कानडी अशा मुलाची अडचण एकाच भाषेत असेल, तर ती बहुधा अपरिचयाची असते. दोन्ही लिप्यांत तीच अडखळ दिसली, महिनोन्‌महिने वेगळे शिकवूनही ती हटली नाही, डोळे आणि कान तपासून झाले, आणि तोंडी विचारताच तेच मूल सबंध गोष्ट बारकाव्यांसह सांगते असे आढळले, तर मात्र पालकांना बोलावण्यास विलंब लावू नये.

हे एका दिवसाच्या व्याख्यानाने साधेल, असे मला मुळीच वाटत नाही. शिक्षकाने आपल्याच वर्गातील वह्या घेऊन विशेष शिक्षकाशेजारी निदान एक सत्रभर बसले पाहिजे. साधनांची वानवा आता नाही: मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी 2015 पासून उपलब्ध असून, तीत पहिली-दुसरी आणि तिसरी ते पाचवी अशा दोन टप्प्यांसाठी शिक्षकांनी भरावयाचे तक्ते आहेत, ती हिंदी आणि इंग्रजीप्रमाणेच कानडीतही आहे आणि मराठीतही. बंगळुरूतील असोत वा पुण्या-बेळगावातील, पालकांना माझी कळकळीची विनंती आहे: येत्या पालकसभेत गुणांची चौकशी झाली की, आपल्या शाळेत ही समिती नेमली आहे काय आणि तिच्यातील शिक्षकांनी हे शिक्षण घेतले आहे काय, एवढे अवश्य विचारावे.