दुर्बिणीला चाकं

आठ इंची आरशाची डॉब्सोनियन दुर्बीण साधारण 20 किलोची. बारा इंचीचं वजन सहज 35 किलोवर जातं. ती एकट्याने दारातून अंगणात काढायची म्हणजे कंबरेशी वैर. इलाज हातगाडीचा: दोन लांब दांडे, पुढे हवेच्या टायरची दोन चाकं, आणि दांडे बैठकीला बोल्टने जोडलेले. दांडे उचलले की दुर्बीण चालू लागते, खाली ठेवले की भार पुन्हा तिच्या पायांवर येतो. हे महत्त्वाचं, कारण चाकांवरच उभी राहिली तर नेत्रिकेतला शनी थरथरतो. चाकं मोठीच हवीत. कपाटाखालची इवली प्लास्टिकची चाकं फरशीच्या सांध्यात अडकतात. नेताना नळी उभी ठेवून पट्ट्याने बांधा. पोचल्यावर आरशांची जुळणी तपासा, धक्क्यांनी ती बिघडू शकते.

चाकांची हौस तशी जुनीच! डॉब्सोनियन दुर्बिणीला ज्यांचं नाव मिळालं ते जॉन डॉब्सन कॅलिफोर्नियातल्या वेदान्त मठात संन्यासी होते. हाताने बनवलेल्या दुर्बिणी ते ढकलत मठाबाहेर नेत आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना आकाश दाखवत. मठातून ते 1967 मध्ये बाहेर पडले. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांच्याभोवती 'फुटपाथवरच्या खगोलप्रेमीं'ची मंडळी जमली.